आठ दोऱ्या आणि मुळे सरांचा बोल

४ नोव्हेंबर, मंगळवार

गुडघा बरा. सकाळी साडेसहाला बागेत. थंडी नावालाच.

आज गोफाला गाठ पडली. विणताना नाही, उकलताना. आठही दोऱ्या मधोमध अशा अडकल्या की एक ओढावी तर दुसरीच आवळायची. आठ म्हातारी माणसं पाऊण तास माना वर करून उभी. फिरायला आलेले लोक बघत होते. एका मेल्यानं व्हिडिओही काढला.

मुळे सरांनी नसीमा आपांना झापलं. "आपा, आत म्हणलं का बाहेर? कान कुठं ठिवून येता?" आपा ओढणी सारखी करत म्हणाल्या, "हौ सर, मेरीच गलती."

आपांची चूक नव्हती. माझ्या हातात लाल दोरी, त्यांच्या हातात हिरवी, समोरासमोर. जिथं 'बाहेर' यायला हवं होतं तिथं सरांनी 'आत' म्हटलं. मला स्वच्छ कळलं. मी बोलले नाही. एरवी कुणाची चूक सोडत नाही मी, ह्यांना विचारा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सर आज पंचविशीतले दिसत होते. फुलंब्रीहून फोन आला, त्यांच्या जुन्या शाळेतून. सर तिथं एकतीस वर्षं कवायतीचे मास्तर होते. दहा जानेवारीला स्नेहसंमेलन आहे, त्यात त्यांच्या मंडळाचा गोफ हवाय. फोन स्पीकरवर टाकून आम्हा सगळ्यांना ऐकवला.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "कोणता गोफ घेणार सर? पत्रिकेत नाव छापायचं होतं."

"नाव कसं सांगू बाबा? त्या दिवशी जो निघंल तो."

बिचाऱ्यांना काय कळणार. आमच्याकडे ठरलेला गोफ नसतोच. बागेतल्या मंडपाच्या कडीला लाकडी चाक, चाकाला आठ दोऱ्या, एकेक दोरी एकेकाच्या हातात. चौघं इकडून, चौघं तिकडून. सर हातातल्या टिपऱ्यांवर ताल धरतात आणि आयत्या वेळी बोल देतात : आत, बाहेर, गिरकी, अदला. बोल ऐकला की पाऊल. पुढचा बोल कुणालाच माहीत नाही. बोलाआधी पाय हलवायचा नाही, हा मंडळाचा एकच नियम. पाठ केलेल्या गोफाला सर गोफ म्हणत नाहीत, कवायत म्हणतात. आणि ती त्यांनी आयुष्यभर घेतलेली आहे.

खरी कमाल उकलताना. विणताना दिलेले साठ-पासष्ट बोल सर शेवटून पहिल्यापर्यंत उलटे परत देतात. कागद नाही, वही नाही. एकोणीस वर्षं. मी टेलिफोन एक्स्चेंजात जन्म काढला, शहरातले अर्धे नंबर मला पाठ होते, पण दहा बोल उलटे म्हणून दाखवा म्हटलं तर त त प प होतं.

मंगळवारी दमले असतील. वयही झालंय, अठ्ठ्याहत्तर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परत गाठ. या वेळी सर मध्येच गप्प झाले. टिपऱ्या चालू, बोल नाही. मग माझ्याकडं बघून हळूच, "पुढं काय व्हतं, बाई?"

बाई! एकोणीस वर्षं 'सुधाताई' आहे मी.

सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी दोऱ्यांकडं बघितलं. फुलंब्रीचे कदम आमच्यात सगळ्यात तरुण, एकसष्ट. चितेगावच्या कंपनीतून रिटायर झाले, पहाटे मोटरसायकलवर येतात. ते खोटं खोटं खोकत बसले. गाठ कापू म्हणून आमच्यातलंच कुणी म्हणालं तर सर कडाडले, "दोरी कापायची नाय! गोफ कापत नसतेत."

हा आवाज मात्र जुनाच होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टीव्ही सेंटरच्या भाजीबाजारात वैशाली भेटली, सरांची सून. मेथी निवडता निवडता रडायलाच लागली. मी तिला बाजूला घेतलं.

उन्हाळ्यापासून चाललंय म्हणे. डॉक्टरांनी सांगितलंय, स्मरणशक्ती जातेय, परत येणार नाही, हळूहळू वाढणार. परवा स्वतःच्या फाटकासमोर उभे राहून शेजाऱ्याला विचारलं, मुळे कुठं राहतात. बागेत मात्र बरोबर पोचतात. त्यांना सांगितलंय, थकवा आहे, गोळ्यांनी बरं वाटेल.

"काकू, गोफ बंद करा म्हणू नका त्यांना. तेवढंच राहिलंय. अन् शाळेचं तर सारखं चालू असतं घरात."

मी नाही म्हणणार, असं सांगून आले. काय करणार आहे मी? घरी येऊन मेथी तशीच पिशवीत राहिली. ह्यांनी संध्याकाळी विचारलं, भाजी कुठाय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डोकं चालवलं. माझंच डोकं, नंतर कुणी दुसऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून लिहून ठेवते.

आपांच्या गच्चीवर सातजणांना जमवलं आणि सांगितलं : एक गोफ ठरवून टाकू. चौसष्ट बोलांचा. सुलटा नि उलटा तोंडपाठ. दर बुधवार-शनिवार चार वाजता इथंच सराव. दहा तारखेला सर काहीही बोलले तरी आपण आपला गोफ विणायचा, आपला उकलायचा. गाठ पडणार नाही. सर शाळेसमोर ताठ मानेनं उभे राहतील.

आपा लगेच कबूल. बाकीचेही. कदम तेवढे आडवे आले. "सुधाताई, हे बरं नाय. सर बोल देनार अन् आपण आपलंच चालनार? मंग सर कशाला, भोंगा लावा की."

"मग काय पोरांसमोर फजिती होऊ द्यायची त्यांची? तुमच्याच गावात?"

शेवटी कबूल झाले. भांडणात मी सहसा हरत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोऱ्या बांधल्या. वहीत बोल उतरवले : आ बा आ गि / बा बा अ आ… पाढ्यांसारखे घोकतोय. आपांच्या नातवंडांनाही पाठ झाले, जिन्यात म्हणत बसतात.

५ डिसेंबर, शुक्रवार

बागेत पहिल्यांदा करून बघितलं. सर 'बाहेर' म्हणाले की आम्ही आत. ते 'गिरकी' म्हणाले की आम्ही अदला. अधूनमधून जुळलंही. उकलताना सर दोनदा अडकले, आम्ही नाही. दोऱ्या सरळ सुटल्या.

सर इतके खूश! सगळ्यांना टपरीवर चहा. "बघा आपा, आज कान जाग्यावर व्हते!" आपा हसल्या. नंतर बागेच्या नळावर तोंड धूत किती वेळ वाकून उभ्या होत्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सगळ्यात अवघड काय, तर न ऐकणं. एकोणीस वर्षांची सवय, सरांचा आवाज आला की पाऊल आपोआप पडतं. कदमांनी कानात कापूस घातला, सरांनी विचारलं तर म्हणे कान दुखतो.

मी सगळ्यांना एक्स्चेंजमधली युक्ती शिकवली. तिथं शेजारी दहा जणी बोलत असायच्या. आवाज कानापर्यंत येऊ द्यायचा, आत घ्यायचा नाही. मनात आपले आकडे मोजत राहायचं. आठवड्याभरात जमलं सगळ्यांना. चांगली मास्तरीण आहे मी.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज सर मध्येच बोल द्यायचे थांबले. मुद्दाम की काय, देव जाणे. आम्ही चालूच. चार पावलं, पाच, सहा. मग माझ्या लक्षात आलं, ते माझ्या पायांकडं बघतायत. लगेच बोल चालू केले त्यांनी.

नंतर जवळ आले. "सुधाताई, तुमचा पाय माझ्या आधी पडायलाय."

"नाही हो सर."

"मंग मीच मागं पडत असंल."

आपांनी विषय बदलला.

२ जानेवारी, शुक्रवार

पत्रिका छापून आली. सरांच्या शर्टाच्या खिशात असते. आज तिसऱ्यांदा मला दाखवली, तितक्याच नवलानं. मीही तितक्याच नवलानं वाचली. 'गोफ : सादरकर्ते, मुळे सर व मंडळ.'

नवे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतलेत. वैशाली सांगत होती, घरातही घालून बसतात.

१० जानेवारी, शनिवार

लिहिते. आजच लिहिते.

कदमांनी ठरवलेल्या जीपमधून अकराला फुलंब्री. मैदानात मांडव, पोरं, पालक. मोठी झालेली पोरं येऊन सरांच्या पाया पडत होती. सर प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारायचे, नाव एकाचंही घेतलं नाही.

विणणं सुरेख झालं. पोरं टाळ्या वाजवत होती. उकलायला लागलो. बत्तिसाव्या का तेहतिसाव्या बोलाला आपांची ओढणी दोरीच्या पेडात अडकली. रोज कमरेला गाठ मारतात, आज स्टेज म्हणून नवी ओढणी, नुसती पिन लावलेली. मी बघितलं नाही. मी मोजत होते.

सरांनी बघितलं. ओरडले, "थांबा!"

मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि मनात म्हटलं, चुकले बघा परत.

"थांबा! थांबा म्हंतो ना!"

कुणी थांबलं नाही. आठही जण मोजत पुढं गेलो. ओढणी ताणली, आपा मागं खेचल्या गेल्या आणि स्टेजच्या कडेवर हातावर पडल्या. मनगट. त्यांचा आवाज आल्यावर थांबलो आम्ही, तोवर सगळा गुंता झाला होता.

सर टिपऱ्या हातात धरून उभेच. तोंड उघडं.

११ जानेवारी, रविवार

आपांना प्लास्टर, दीड महिना. सकाळी गेले तर मलाच दटावतात, "रोते कायको? हड्डी है, जुड जाएगी. सर कैसे हैं वो बोलो."

सर कसे आहेत ते बघायला जायचं धैर्य झालं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

गेले. सर गॅलरीत, पायात तेच पांढरे बूट. मला ओळखलं.

"सुधाताई, एक विचारू? मी थांबा म्हणलो व्हतो का?"

दारात वैशाली उभी होती. तिनं मान हलवली, नको म्हणून. नंतर कळलं, सरांच्या मुलानं त्यांना सांगून टाकलंय, बाबा, तुम्ही काही म्हणाला नसाल, आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही, जाऊ द्या. त्याला काय माहीत, तो मांडवाच्या बाहेर गाडी लावत होता.

मला हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग तुम्ही थांबला का नाय. त्याचं उत्तर माझ्या वहीत लिहिलेलं आहे, चौसष्ट बोल, माझ्या अक्षरात.

म्हणाले, "आठवत नाही सर."

मी. मला. आठवत नाही.

"म्हंजी नाय म्हणलो. डोळ्यासमोर दिसत व्हतं अन् तोंडातून निघालं नाय. माझ्यामुळं बाईचा हात गेला." उठून आत गेले, टिपऱ्या आणल्या, माझ्या मांडीवर ठेवल्या. "घेऊन जावा. आता बोल द्यायचा नाय मी."

घेऊन आले. टेबलावर पडल्यात. ह्यांनी विचारलं, कुणाच्या? सांगितलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आपांना तिळगूळ द्यायला गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी लाडू हातातच ठेवला, खाल्ला नाही.

"तुमने 'याद नहीं' बोल दिया उनको? सुधाताई, मेरा हात तो जुड जाएगा. उनके पास एकच सही बात बची थी. वो भी आपण छीन ली."

१६ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. जाताना वही बरोबर नेली, म्हणजे मागं फिरता येऊ नये.

"सर, तुम्ही थांबा म्हणाला होतात. मोठ्यानं. दोनदा. अगदी बरोबर वेळी."

"व्हय?" त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला वाटलं, इथंच उठावं नि घरी जावं. "मी म्हणलो व्हतो?"

"हो सर."

"मंग तुम्ही थांबला का नाय?"

सगळं सांगितलं. गच्ची, बुधवार-शनिवार, कापूस, न ऐकायची युक्ती. वही उघडून दाखवली. आ बा आ गि. ते बोटानं ओळी वाचत गेले.

"कधीपासून?"

"पाच डिसेंबर."

वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "गाठी पडायच्या थांबल्या म्हणून मला वाटलं, मी बरा व्हायलोय."

वही पिशवीत टाकली. उठले.

१७ जानेवारी, शनिवार

दुपारी वैशालीचा फोन. "काकू, परत विचारतायत. मी थांबा म्हणलो व्हतो का, म्हणून. सकाळपासून रडतायत, माझ्यामुळं बाईचा हात गेला. कालचं काहीच आठवत नाही त्यांना."

गेले. पुन्हा सांगितलं. पुन्हा चेहरा मोकळा झाला. पुन्हा तोच दुसरा प्रश्न. पुन्हा वही.

१९ जानेवारी, सोमवार

काल आणि आज, दोन्ही दिवस. कदम म्हणतात, "ताई, नुसतं पयलं सांगा, दुसरं कशाला?" करून बघितलं. नुसतं म्हणाले, हो सर, म्हणाला होतात. विषय बदलला, हवापाणी, वांग्याचा भाव. दोन मिनिटं हो हो करत राहिले आणि मग आपणहून, "पण मंग तुम्ही थांबला का नाय?"

नाव गेलं, फाटक गेलं, हा प्रश्न जात नाही. कवायतीच्या मास्तरला दुसरं काय सुचणार! हुकूम दिला आणि रांग थांबली नाही, हे त्यांना समजून घ्यायचंच आहे. आणि समजलं की रोज नव्यानं लागतं. ते रोज पहिल्यांदा ऐकतात, मी रोज पुन्हा सांगते.

२२ जानेवारी, गुरुवार

कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून सरांच्या पलंगाशी लावलं : सर, तुम्ही 'थांबा' म्हणाला होतात. खाली माझी सही.

संध्याकाळी सातला वैशालीचा फोन. त्यांनी वाचलं. दहा वेळा वाचलं. मग चपला घालून बाहेर निघाले, म्हणे सुधाताईला विचारून येतो, थांबली का नाय. गल्लीच्या तोंडाशी सापडले. घर कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं.

कार्ड काढून टाकलं. ह्यांना म्हणाले, मला काही सुचत नाही. ह्यांनी टीव्ही बंद केला आणि शेजारी बसून राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असेल.

२५ जानेवारी, रविवार

कदम पोतं घेऊन आले. आत तो फुलंब्रीचा गोफ, गाठीसकट, चाकासकट. मांडववाला कापून काढत होता म्हणे, कदमांनी वर चढून अख्खा उतरवला.

"सरांनी कधी कापू दिला नाय. मी कसा कापू देऊ?"

त्यात आपांच्या ओढणीचा जांभळा तुकडा अजून आहे. मंगळवारी बागेत लावायचा असं ठरलं. का लावायचा, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

साडेसहाला सगळे आले. आपाही, प्लास्टरसकट, हिरवी दोरी डाव्या हातात. आधी सगळ्यांसमोर वही मंडपाच्या पायरीवर ठेवली. कुणी हात लावला नाही.

सात वाजता वैशाली सरांना घेऊन आली. पांढरे बूट. गोफाखाली उभे राहून वर बघत राहिले. मला वाटलं, विचारतील. विचारलं नाही. मी टिपऱ्या पुढं केल्या.

"बोल द्या सर."

"कुणाला?"

"आम्हाला."

टिपऱ्या उलटसुलट करून बघितल्या. मग ताल धरला. हात विसरले नव्हते. आम्ही दोऱ्या ताणून उभे. मी काही मोजत नव्हते, शपथ.

"बाहेर," सर म्हणाले.

आठ पावलं एकदम पडली. वरचा एक पेड सैल झाला. खरंच झाला, जांभळा तुकडा थोडा लोंबायला लागला.

मग ताल चालू, बोल नाही.

पुढचा बोल मला माहीत होता. 'आत.' जिभेवर होता. समोर कदमांनाही माहीत होता, त्यांचे ओठ हलताना दिसले आणि मिटले. आम्ही उभे. टिपऱ्या वाजत राहिल्या, मग त्याही हळू झाल्या. ऊन मंडपाच्या आत आलं, आमच्या पायांवर आलं. आपांचा हात दुखत असणार, दोरी सैल सोडली नाही त्यांनी. सर वर बघतच होते, एकेका दोरीवरून नजर खाली आणत, पुन्हा वर नेत. माझा गुडघा ठणकायला लागला.

आठ वाजले असतील. वैशाली हलकेच पुढं आली, "बाबा, चला आता," म्हणून हात धरायला.

सरांनी तिच्याकडं न बघता टिपरी उचलली.

"थांबा," म्हणाले. "येतंय."

ती होती तिथंच थांबली. आम्हीही.